नट आवळून न भागणारं दुखणं

कुठल्याही तालुक्याच्या गावात एसटी स्टँडबाहेर लावलेल्या मोटारसायकली जरा निरखून बघा. पंधरा वर्षांहून जुन्या गाड्यांत चारही इंडिकेटर ताठ उभे असलेली गाडी शोधावी लागते. एखाद्याने मान टाकलेली असते, एखाद्याला काळी टेप गुंडाळलेली असते, एखादा नुसत्या वायरवर लोंबकळत असतो. इंजिनाचं काम निघालं तर हाच मालक आठवडाभर गाडी गॅरेजला ठेवतो, टायरसाठी चार दुकानं फिरतो. इंडिकेटरच्या वाट्याला मात्र "जरा आवळून टाक रे" यापलीकडे काही येत नाही. आवळलेला इंडिकेटर थोड्याच दिवसांत पुन्हा हलायला लागतो आणि मग तो तसाच राहतो.

हा ढिलेपणा येतो कुठून, त्यावर आपल्याकडे काय काय उपाय चालतात आणि त्यातले टिकतात कोणते, हे एकदा नीट मांडायला हवं. माझं मत आधीच सांगतो. ढिल्या इंडिकेटरचं मूळ एकट्या नटात फार कमी वेळा असतं. ते रबरात असतं, रबराच्या आतल्या लोखंडी बुशमध्ये असतं, नाहीतर ज्या प्लास्टिकवर तो बसवलाय त्या प्लास्टिकच्या भोकात असतं. ते न बघता नट आवळत राहिलं की दुखणं वाढतं.

आपल्याकडच्या जुन्या गाड्यांची पिढी आधी लक्षात घेऊ. बुलेट १९५५ पासून मद्रासला तयार होऊ लागली. त्या काळच्या गाड्यांवर इंडिकेटर नसायचेच. वळायचं तर हात दाखवायचा. इंडिकेटर घरोघरी पोचले ते जपानी कंपन्यांशी करार करून आलेल्या १०० सीसीच्या गाड्यांबरोबर. हिरो होंडाची सीडी १०० आणि यामाहाची आरएक्स १०० या दोन्ही १९८५ च्या. १९९४ मध्ये स्प्लेंडर आली, २००१ मध्ये पल्सर. आज गॅरेजमध्ये 'जुनी गाडी' म्हणतात ती बहुतेक या शेवटच्या दोन घराण्यांतली असते. आरएक्स आणि बुलेटचे मालक वेगळे. ते जुनेपणाच्या प्रेमापोटी गाडी सांभाळतात आणि इंडिकेटरसाठीही जीव टाकतात. दूध घालायला, शेतावर जायला, कामावर जायला रोज वापरल्या जाणाऱ्या गाड्यांचा प्रश्न मोठा आहे, आणि हा आढावा मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

इंडिकेटर रबरावर का बसवतात, हे कळलं की पुढचं बरंच सोपं होतं. या सगळ्या गाड्या एका सिलिंडरच्या. क्रँकच्या प्रत्येक फेरीला पिस्टन एकदा वर जातो, एकदा खाली येतो, आणि तेवढा हिसका चासीला बसतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर सेकंदाला ५० हिसके झाले. तासाभरात एक लाख ऐंशी हजार. इंडिकेटर हा दांड्याच्या टोकाला बसवलेला वजनदार डबा, त्यामुळे मुळाशी बारीक असलेली थरथर टोकाला मोठी होते. बल्बमधली टंगस्टनची तार एवढी नाजूक असते की दांडा थेट पत्र्याला घट्ट बसवला तर ती लवकर तुटते. रबर ही थरथर मधेच पिऊन टाकतं. शिवाय गाडी आडवी पडली तर रबर वाकतं आणि डबा वाचतो. त्यामुळे "रबर काढून टाका, सरळ पत्र्याला नट-बोल्ट मारा" हा काही गॅरेजांतला सल्ला मला साफ चुकीचा वाटतो. इंडिकेटर हलायचा थांबतो हे खरं, पण बल्ब वरचेवर जातात, आणि गाडी पडली की इंडिकेटरबरोबर हेडलाइटचा ब्रॅकेटही वाकतो.

बसवायच्या तऱ्हा ढोबळमानाने दोन. एकीत सगळा दांडाच रबराचा असतो आणि त्याच्या बुडाशी आटे असलेला पोकळ लोखंडी तुकडा रबरातच पक्का केलेला असतो. तो ब्रॅकेटच्या भोकातून पलीकडे जातो, तिथे वायसर आणि नट. दुसरीत दांडा लोखंडाचा किंवा कडक प्लास्टिकचा असतो आणि ब्रॅकेटच्या भोकात रबरी गिरमिट, म्हणजे ग्रोमेट, बसवलेलं असतं. या दुसऱ्या तऱ्हेत गिरमिटाच्या आत बहुधा एक छोटा धातूचा बुश असतो. वायर दोन्ही तऱ्हांत पोकळ बोल्टच्या आतून जाते.

आता हात लावून बघायचं. गाडी बंद ठेवून एका हाताने ब्रॅकेट धरा, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी इंडिकेटरचा डबा धरून हळू हलवा, आणि नजर डब्यावर न ठेवता मुळाशी ठेवा. नट आणि पत्रा यांच्यात फट उघडत असेल तर नट ढिला आहे. नट पत्र्याला चिकटून आहे पण दांडा डुलतोय, तर रबर गेलंय. दांडा आणि रबर एकत्र आहेत पण सगळंच भोकात सरकतंय, तर भोक मोठं झालंय किंवा तडकलंय. दांडा पक्का आहे आणि पुढचा डबाच खुळखुळतोय, तर डब्याचे स्क्रू किंवा ते ज्यात बसतात त्या प्लास्टिकच्या नळ्या गेल्यात. याला अर्धं मिनिट लागतं. गॅरेजमध्ये हे अर्धं मिनिट फार क्वचित दिलं जातं. पाना आधी हातात येतो.

नट खरोखरच ढिला असेल तर तो ढिला का झाला, याचं उत्तर अभियांत्रिकीत बऱ्याच वर्षांपूर्वी मिळालेलं आहे. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये दाखवून दिलं की नट फिरून सुटतो तो मुख्यतः आडव्या थरथरीने. बोल्टच्या लांबीच्या दिशेने बसणारे हिसके त्यामानाने कमी नुकसान करतात. जोड आडवा सरकायला लागला की आट्यांतलं घर्षण हरतं आणि नट आपोआप उलटा फिरतो. इंडिकेटरचा दांडा चासीतून बाहेर आडवा निघालेला असतो आणि त्याला हिसके बसतात ते वर-खाली, म्हणजे त्याच्या बोल्टला आडवेच. आपले सगळे मेकॅनिक ज्यावर भिस्त ठेवतात तो स्प्रिंग वायसर अशा वेळी फारसा कामाचा नाही. तो एकदा दाबून सपाट झाला की साध्या वायसरसारखाच वागतो. नायलॉनची कडी असलेला नट, ज्याला बाजारात नायलॉक म्हणतात, तो यापेक्षा कितीतरी चांगला. चेकनटही चालतो, पण वायरसाठी पोकळ केलेल्या बोल्टला आटे थोडेच असतात, तिथे दोन नट मावतातच असं नाही.

आटे पकडून ठेवणारं द्रव, म्हणजे निळं लॉकटाइट आणि त्याच्यासारखी इतर, हा तिसरा उपाय. लोखंडावर लोखंड असेल तर एक थेंब पुरतो आणि पुढे पान्याने नट उघडतोही. पण ते प्लास्टिकला लागलं तर काही जातींच्या प्लास्टिकला बारीक तडे जातात, विशेषतः एबीएस आणि पॉलिकार्बोनेटला. इंडिकेटरचा डबा आणि काच अनेकदा अशाच जातींची. म्हणून प्लास्टिकच्या ब्रॅकेटवरच्या नटाला ते लावू नये.

नट आवळण्यातही एक खुबी आहे. नट गंजलेला असतो, मडगार्डच्या आतल्या बाजूला चिखलाने माखलेला असतो. १२ किंवा १४ नंबरचा पाना लावून जोर दिला की नटाबरोबर अख्खा दांडाच फिरतो आणि आतून गेलेली वायर पिळली जाते. दोन-तीनदा असं झालं की तांब्याच्या तारा आतल्या आत तुटतात, वरचं प्लास्टिक शाबूत दिसतं, आणि इंडिकेटर कधी लागतो, कधी लागत नाही. म्हणून आधी तारेच्या ब्रशने चिखल काढायचा, नटावर गंज सोडवणारं तेल मारून थांबायचं, आणि दांडा एका हाताने घट्ट धरूनच पाना फिरवायचा. दुसरी अडचण अशी की वायर नटाच्या मधून गेलेली असते. नवा वायसर घालायचा तर वायरचं जोड-टोक सोडवून नट आणि वायसर वायरवरून ओढून काढावे लागतात. सीट किंवा हेडलाइट उघडायचा कंटाळा म्हणून वायसरला करवतीने चीर पाडून तो बाजूने सरकवतात. असा चिरलेला वायसर दाब धरत नाही, फाकतो. एवढं काम करायचंच तर वायर सोडवून करावं.

आता बुश. माझ्या मते सगळ्या प्रश्नाचा गाभा इथे आहे आणि याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. गिरमिटाच्या आतला हा धातूचा नळीवजा तुकडा रबराच्या जाडीपेक्षा केसभर आखूड असतो. नट आवळत गेलं की रबर तेवढंच केसभर दाबलं जातं, मग नट बुशवर येऊन टेकतो आणि तिथून पुढे लोखंडावर लोखंड घट्ट बसतं. रबराला हवा तेवढाच दाब मिळतो आणि नटाला टेकायला कडक जागा मिळते. पंधरा वर्षांत कधीतरी, कुठल्यातरी सर्व्हिसिंगमध्ये, इंडिकेटर काढताना हा बुश खाली पडतो. कुणाच्या लक्षात येत नाही. पुढच्या वेळी नट थेट रबरावर आवळला जातो. रबर दबतं, काही दिवसांनी दबलेल्या अवस्थेतच सैलावतं, नटावरचा ताण जातो आणि इंडिकेटर हलतो. मग पुन्हा आवळतात. रबर आणखी चेपतं, बाहेर फुगतं, फाटतं. मालकाला वाटतं नट सारखा ढिला होतोय, पण नटाला घट्ट बसायला जागाच राहिलेली नसते.

उपाय साधा आहे. गाडीच्या मॉडेलचा बुश सुट्या भागांच्या दुकानात मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर लेथवाल्याकडे जायचं. नवं गिरमिट बरोबर न्यायचं, ब्रॅकेटमध्ये बसवल्यावर त्याची जाडी किती होते ते मोजून द्यायचं, आणि त्याहून अर्धा मिलिमीटर आखूड बुश नळीच्या तुकड्यातून कापून घ्यायचा. दोन्ही टोकं सरळ आणि गुळगुळीत हवीत. लेथवाल्याला हे पाच-दहा मिनिटांचं काम. चारही इंडिकेटरचे एकदम करून घेतले की या बाबतीत पुढची अनेक वर्षं निश्चिंती.

रबर खराब होण्याची कारणं आपल्या हवेत आणि आपल्या सवयींत दोन्हीकडे आहेत. विदर्भ-मराठवाड्यात दिवसभर उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचं रबर कडक होतं आणि ताणलेल्या जागी आडव्या चिरा पडतात. या चिरा पाडण्यात उन्हाइतकाच हवेतल्या ओझोनचा हात असतो. कोकणात रबर त्यामानाने टिकतं, पण खाऱ्या हवेने ब्रॅकेट आणि बल्बचा होल्डर गंजतो. सवयीचं कारण म्हणजे वॉशिंग सेंटरवर मारलं जाणारं डिझेल-ऑइल. गंज लागू नये म्हणून पावसाळ्याआधी गाडीच्या खालच्या अंगावर फवारा मारतात. लोखंडाला तो मानवतो, रबराला मानवत नाही. खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगतं, मऊ पडतं आणि धातूला धरलेली पकड सोडतं. पहिल्या तऱ्हेच्या दांड्यात आटे असलेला तुकडा रबरातून सुटून येतो तो बऱ्याचदा यामुळेच. तो सुटला की दांडा दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नये. कुठलाही डिंक त्या तेलकट रबराला धातूशी कायमचा जोडत नाही. दांडा बदलावा, आणि पुढच्या वेळी फवारा मारणाऱ्याला इंडिकेटरच्या मुळाशी फडकं धरायला सांगावं.

टेप, केबल टाय, सायकलच्या ट्यूबची पट्टी हे तात्पुरते उपाय सगळे करतात. त्यांत ट्यूबच्या पट्टीला मी पहिला नंबर देईन. ताणून गुंडाळली तर ती चिरलेल्या रबराला बाहेरून आवळून धरते आणि थरथरही शोषते. टेपचा डिंक उन्हात पातळ होऊन सरकतो, शिवाय आतली चीर झाकली जाते. केबल टाय दांड्याला धरतो खरा, पण त्याची धार रबर कापते. घाटात, रात्री, दुकानं बंद असताना यातलं काहीही चालेल. घरी पोचल्यावर ते काढून मूळ काम करावं.

प्लास्टिकचं भोक मोठं होणं हा फेअरिंग आणि व्हायझर असलेल्या गाड्यांचा रोग. पार्किंगमध्ये शेजारच्या गाडीचं हँडल इंडिकेटरमध्ये अडकतं, कुणीतरी इंडिकेटरलाच धरून गाडी ओढतं, मागे लटकवलेला दुधाचा कॅन किंवा वैरणीचा भारा त्याला घासत राहतो. एवढं सोसल्यावर भोकाच्या कडेला तडा जातो. इथे फेविक्विक पहिलं आठवतं आणि तेच सगळ्यात कमी टिकतं. ते कडक पण ठिसूळ असतं, थरथरीत तुटतं. अरल्डाइट किंवा एम-सील बरं, पण पृष्ठभाग खरवडून घेतला तरच. एबीएसचा भाग असेल तर त्याच जातीच्या प्लास्टिकचे तुकडे ॲसिटोनमध्ये विरघळवून केलेला लगदा सगळ्यात चांगला, कारण त्यात जुनं प्लास्टिक आणि नवं प्लास्टिक विरघळून एकजीव होतं. पॉलिप्रॉपिलीनवर ॲसिटोनचा काही परिणाम होत नाही, त्यामुळे भागाच्या आतल्या बाजूला कोरलेली, प्लास्टिकची जात सांगणारी अक्षरं आधी वाचावीत. ॲसिटोन इंडिकेटरच्या रंगीत काचेला अजिबात लागू देऊ नये, ती पांढरट पडते आणि तडकते. तडा सांधल्यावर भोकाच्या दोन्ही बाजूंना रुंद, पातळ पत्र्याचे वायसर घालावेत म्हणजे दाब मोठ्या जागेवर पसरतो. वायसरशिवायचं सांधकाम मी तरी पूर्ण मानत नाही.

ढिलेपणाचा वायरिंगशी असलेला संबंध बहुतेकांना उशिरा कळतो. लोखंडी दांडा रबराशिवाय थेट ब्रॅकेटला बसवलेल्या जुन्या गाड्यांत अर्थिंग दांड्यातून आणि ब्रॅकेटमधूनच होतं, वेगळी वायर नसते. नट ढिला झाला, खाली गंज चढला, की बल्ब चांगला असूनही विझतो. रबरावर बसवलेल्या इंडिकेटरला अर्थची वेगळी वायर लागतेच. होंडाच्या घराण्यात डावा इंडिकेटर नारिंगी, उजवा फिकट निळा, अर्थ हिरवी. यामाहाच्या घराण्यात डावा चॉकलेटी, उजवा गडद हिरवा, अर्थ काळी. म्हणजे एका गाडीत अर्थला असलेली हिरवी दुसऱ्या गाडीत उजव्या इंडिकेटरला वीज पोचवते. हे न बघता जोडलेल्या वायरी फ्यूज उडवतात. संशय आला तर बल्बच्या होल्डरच्या अंगापासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत एक सुटी वायर धरून बघावी. बल्ब लागला तर दोष अर्थिंगचाच.

एका बाजूचा इंडिकेटर अचानक भराभर उघडझाप करू लागला, किंवा न मिचकावता नुसताच लागून राहिला, तर त्या बाजूचा एक बल्ब गेलाय किंवा सुटलाय असं समजावं. फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटरची उघडझाप करणारा डबा, बदलायची घाई करू नये. बल्ब बदलताना वॅट तेवढेच ठेवावेत. १० वॅटच्या डब्यात २१ वॅटचा बल्ब घातला तर उजेड वाढतो, पण उष्णतेने प्लास्टिक मऊ पडतं आणि होल्डर तिरका होतो.

सगळा इंडिकेटरच बदलायचा ठरला तर बाजारात मूळ कंपनीचा, नावाजलेल्या दुसऱ्या कंपनीचा आणि बिननावाचा असे तीन दर्जे मिळतात. पुण्यात नाना पेठेत आणि बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुन्या मॉडेलचे भाग मिळण्याची शक्यता जास्त. घेताना काचेपेक्षा रबर बघावं: दांडा वाकवून सोडला की तो लगेच सरळ झाला पाहिजे. जुन्या बाजारात मूळ कंपनीचा वापरलेला डबा चांगल्या अवस्थेत मिळाला तर जरूर घ्यावा, पण त्यात रबर नवं घालावं. वापरलेलं रबर विकत घेण्यात अर्थ नाही.

एलईडीचे बारीक, हलके इंडिकेटर आता सर्रास बसवतात. वजन कमी म्हणून दांड्यावरचा ताण कमी होतो आणि तारेचा बल्बच नसल्यामुळे थरथरीने काही तुटत नाही, हे दोन फायदे खरे आहेत. पण जुनी गाडी १० वॅटच्या दोन बल्बांच्या हिशोबाने जोडलेली असते. एलईडी त्याच्या अगदी थोडा प्रवाह घेते, म्हणून जुना फ्लॅशर भराभर चालतो किंवा चालतच नाही. त्यावर इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवणं हा स्वच्छ उपाय. रेझिस्टर लावून वीज नुसती उष्णतेत घालवणं मला पटत नाही. दुसरी गंमत मीटरमध्ये आहे. डाव्या-उजव्याला मिळून एकच दिवा असेल तर तो दोन्ही बाजूंच्या मध्ये जोडलेला असतो आणि बंद बाजूच्या बल्बांतून त्याला अर्थ मिळतो. चारही एलईडी झाल्या की एका बाजूचं बटण दाबूनही चारही लुकलुकतात. मीटरच्या दिव्याला १एन४००७ जातीचे दोन डायोड आणि वेगळी अर्थ दिली की हे थांबतं. भाग काही रुपयांचे आहेत, पण ते कुठे लावायचे हे माहीत असलेला वायरमन हवा. आणि भोक फाटलेलं असेल, बुश नसेल, तर एलईडीसुद्धा हलणारच.

कायद्याची बाजू थोडक्यात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १०२ प्रमाणे इंडिकेटरचा उजेड पिवळसर-नारिंगी हवा, त्याची उघडझाप मिनिटाला ६० पेक्षा कमी आणि १२० पेक्षा जास्त असू नये. दुचाकीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे दर पाच वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून ती वाढवून घ्यावी लागते. तपासणीच्या आदल्या दिवशी टेप गुंडाळून वेळ मारून नेणारे बरेच असतात. पण इंडिकेटर असतो तो मागून येणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरसाठी. काचेवरच्या रेषा उजेड ठरावीक दिशेला फेकण्यासाठी असतात. मान टाकलेला इंडिकेटर मिचकावतो, आपल्याला मीटरमध्ये दिवा दिसतो, आणि उजेड मात्र डांबरावर पडत असतो. पावसाळी संध्याकाळी हायवेवर उजवीकडे वळणारा माणूस आपण खूण केली आहे या भरवशावर गाडी आत घालतो. मागच्याला ती खूण दिसलेलीच नसते.

म्हणून एक विनंती. पुढच्या सर्व्हिसिंगला गाडी टाकाल तेव्हा इंडिकेटर आवळायला सांगू नका. चारही इंडिकेटर उतरवून रबर दाखवायला सांगा, आतला बुश जागेवर आहे का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा, आणि नसेल तर तो बसवून घेतल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका.